हाताखालचं डोकं

लग्न झाल्यापासून मी न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. यात अभिमान वगैरे काही नाही, गरजच पडली नाही. लग्न झालं त्याच आठवड्यात बायकोने माझ्या मानेवरून कंगवा फिरवला, "हे कुणी कापलेत? कापलेत की कुरतडलेत?" असं म्हणाली, आणि तिथून पुढे माझं डोकं तिच्या ताब्यात गेलं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक मोठा आरसा, पायाने दाबून वर-खाली करायची एक खुर्ची, भिंतीला लागून बाक. गिऱ्हाईक बायकांचं. मी एकटाच पुरुष, तोही फुकट्या.

तशी ती सगळ्याच बायकांचे केस कापायची, पण तिचं नाव होतं ते केस वाढवणाऱ्या बायकांत. लोकांना वाटतं केस वाढवायचे म्हणजे कात्रीचं तोंड बघायचं नाही. ती उलटं सांगायची, "वाढवायचे असतील तर कापायला येत जा." केसाच्या टोकाला फाटा फुटला की तो वर वर चिरत जातो, आणि मुळाशी कितीही वाढ झाली तरी खाली केस तुटत राहतो. बाई म्हणते, माझे केस वाढतच नाहीत. वाढतात गं बाई, टिकत नाहीत. दुसरीकडे जावं तर बोटभर सांगून वीतभर उडवतात. ही मात्र एक बारीक बट घ्यायची, तिला पीळ द्यायची, की पिळातून फाटे फुटलेली तेवढी टोकं बाहेर डोकावतात. कात्रीच्या टोकाने तेवढीच टिपायची. लांबीला धक्का नाही. एका डोक्याला अर्धी सकाळ जायची आणि शेवटी फरशीवर चिमूटभर केस. नवीन बाईला वाटायचं, आपल्याला फसवलं. वर्षभराने तीच बाई मैत्रिणीला घेऊन यायची.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, तोंडाचा वाकडेपणा गेला. उजवा हात मागे राहिला. अगदी लुळा नाही. पेला धरायची, पण बटण लावता यायचं नाही. अंगठा तर सांगितलेलं ऐकायचाच नाही. व्यायाम शिकवायला एक गोड बोलणारी मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दिला आणि म्हणाली, "आजी, दिवसातून जमेल तेवढ्या वेळा दाबायचा." ती गेल्यावर आजींनी तो चेंडू खिडकीतून खाली फेकला. डाव्या हाताने. नेम चांगला लागला, खालच्यांची कुंडी फुटली.

"चेंडू दाबायला मी काय तान्हं बाळ आहे?" ती म्हणाली.

मग तिने पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर चादर टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. आमची मुलगी म्हणाली, आई, ती खुर्ची नुसती पडून खराब होण्यापेक्षा कुणाच्या तरी कामाला येऊ दे. मुलीचं चुकत नव्हतं. तिला वाटत होतं, रोज डोळ्यांसमोर दिसलं नाही तर आईला कमी टोचेल. बायको म्हणाली, "विका." एवढंच. मला ते पटलं नाही, कारण मला माहीत होतं की खुर्ची गेली की ही बाई उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून रस्ता बघणार. तिच्या नाकावर राग असायचा तो बरा होता. आता ती नुसती शहाण्यासारखी वागत होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी फिटर. कारखान्यात उभं आयुष्य यंत्रं उघडण्यात आणि परत बसवण्यात गेलं. बिघडलेली वस्तू समोर असली की मला झोप येत नाही. आणि इथे तर बायको होती.

या सगळ्या भानगडीत माझे केस वाढले. मुद्दाम नव्हे. कापणारी आजारी, दुसऱ्या कुणाकडे जाणं म्हणजे तिच्या तोंडावर सांगणं की तुझं काम संपलं. ते मला जमणारं नव्हतं. केस कानावर आले, कॉलरवर आले. मुलगी म्हणाली, "बाबा, बँड काढताय का?" कारखान्यातला जुना जोडीदार भेटायला आला तर आधी मला ओळखेना, आणि ओळखल्यावर हसू आवरेना. म्हणाला, "वहिनी, याला एक रिबीन द्या."

एका सकाळी आम्ही चहा पीत होतो. मी वाकलो तशी कपाळावरची बट सरळ कपात. बायकोने चक् केलं आणि हात पुढे करून ती बट माझ्या कानामागे सारली. उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही नीट. तिलाही कळलं, मलाही कळलं. दोघंही चहा पीत राहिलो. बोललो असतो तर तो हात पुन्हा लाजला असता. मी मात्र त्या दिवसापासून बट मुद्दाम पुढे ठेवायला लागलो.

चार दिवसांनी मी जाहीर केलं, "मला केस वाढवायचेत. कमरेपर्यंत."

"या वयात?"

"वय डोक्याचं, केसांचं नाही. ते आत्ता आत्ताच उगवलेत."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आपापलं डोकं बघावं."

ती हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा आवाज करून हसली, आणि मला इतकं भरून आलं की मी उठून उगाच नळ बंद आहे का ते बघून आलो.

मग आमचं सुरू झालं. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी खाली पाटावर बसायचो, ती मागे स्टुलावर. आधी नुसता कंगवा. तो तिच्या हातातून निसटून माझ्या पाठीवरून घरंगळायचा, मी उचलून द्यायचो. मग तीन पेडांची वेणी. माझी वेणी! सुरुवातीला तिसरा पेड हमखास सुटायचा आणि ती शिव्या द्यायची, मला नव्हे, बोटांना. पण केसांना ती चेंडूसारखं फेकू शकत नव्हती. केस धरले की नीट धरायचे, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की हात आपोआप शहाण्यासारखा वागायचा. व्यायामवाल्या मुलीने माझी वेणी पाहिली, काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "चेंडूचं राहू दे मग."

केस खांद्याच्या खाली उतरले तेव्हा मी एक दिवस तिची कात्री आणून तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "तूच सांगायचीस ना, वाढवायचे असतील तर कापायला येत जा. आलोय."

तिने कात्री बोटांत अडकवली. या कात्रीचं एकच पातं हलवायचं असतं, अंगठ्यातलं. दुसरं एकदम स्थिर. सगळी कला त्या अंगठ्यात, आणि नेमका तोच रुसलेला. तिने बट घेतली, पीळ दिला, चष्मा सावरून पाहिलं. दुसरी घेतली. तिसरी.

"एकही फाटा नाही," ती म्हणाली. "असणार कुठून? ना रंग, ना ड्रायर. घोड्याच्या शेपटीसारखे आहेत तुमचे केस. इथे कापण्यासारखं काही नाही."

आणि तिने कात्री बाजूला ठेवली. ठेवताना तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला. त्या सुटकेचीच मला भीती वाटली. वेणी म्हणजे खेळ होता. कात्री म्हणजे तिचं काम. तिथे हात चुकला तर तो कायमचा चुकला, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं, आणि परीक्षा टळली म्हणून तिला बरं वाटलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं मला माहीत नाही. फिटरला जे सुचलं ते मी केलं. हत्यारांच्या पेटीतून सगळ्यात बारीक पॉलिश पेपर काढला, न्हाणीघराची कडी लावली, केस खांद्यावरून पुढे घेतले आणि टोकं घासायला बसलो. लोखंडाला चकाकी आणायला जो कागद वापरतात, तो केसाला काय करतो ते मला पाच मिनिटांत दिसलं. टोकं उसवली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज उन्हात बघ बरं. मला काहीतरी खरखरीत लागतंय."

तिने बट पिळली. "अगंबाई," ती म्हणाली. "आहेत की."

पहिल्या दिवशी कात्री मिटायची पण केस कापला जायचा नाही, दोन पात्यांमध्ये नुसता दुमडायचा. हात थरथरायचा म्हणून ती मनगट माझ्या खांद्यावर टेकवायची. सुरुवातीला ते मनगट भरल्या पिशवीसारखं जड असायचं. मग दिवसागणिक हलकं होत गेलं. तिचा हात किती सुधारला हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. खांद्याला कळत होतं. एका सकाळी कचकच असा बारीक आवाज लागोपाठ आला, आधी व्हायचा तसा, गिऱ्हाइकांच्या वेळचा, आणि ती काम करता करता मला खालच्यांच्या सुनेची गोष्ट सांगू लागली. हात चालू आणि तोंडही चालू! मी खाली मान घालून बसलो होतो ते बरं झालं. माझे डोळे तिला दिसले नाहीत.

न्हाणीघरातलं माझं काम अर्थातच वाढलं. ती कापणार म्हणजे मला फाटे तयार ठेवायला हवेत. मुलीने दारावर थाप मारून विचारलं, "बाबा, आत एवढा वेळ काय करता?" म्हटलं, "म्हातारपण."

असं सगळं रुळावर आलेलं असताना मुलगी म्हणाली, की कोपऱ्यावर नवीन पार्लर काढणारी एक बाई खुर्ची बघायला रविवारी सकाळी येते आहे. मी बायकोकडे पाहिलं. मला खात्री होती, आता ही म्हणेल, थांब, एवढ्यात नको. ती म्हणाली, "येऊ दे. बोलून गेलोय ना आपण."

मी दिवसभर फुरंगटून बसलो. एवढं डोकं दिलं, आणि ही बोलून गेलोय म्हणे! शनिवारी संध्याकाळी रागारागाने कडी लावून बसलो. बारीक कागद झिजून गुळगुळीत झाला होता. मग जाडा घेतला. राग आला की मी हत्यार चुकीचं उचलतो, ही माझी नोकरीतली जुनीच ख्याती.

रविवारी सकाळी तिने पहिली बट पिळली आणि थांबली. सोडली. दुसरी घेतली. मग मागची एक, अगदी पाठीवरची. पुन्हा पुढची.

"केस कशाने धुतलेत?"

"नेहमीच्याच साबणाने."

"टॉवेलने खसाखसा पुसलेत?"

"छे."

"मग सगळे फाटे पुढेच कसे? तुमचा हात पोचतो तेवढ्यातच. मागे एक नाही."

चोराच्या मनात चांदणं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"केस स्वतःहून फाटतो तेव्हा त्याचे दोन होतात," ती सावकाश म्हणाली. "हे झाडूसारखे पिंजारलेत. आणि हे काय?" तिने बोट माझ्यापुढे धरलं. नखात तांबूस कण होता. पॉलिश पेपरची वाळू. चाळीस वर्षं ती माझे कपडे धुवायला भिजवत आलेली; तो कण तिला ओळखू येणार नाही तर कुणाला?

मी सांगितलं. न सांगून करतो काय?

मला वाटलं हसेल. खरंच वाटलं होतं. ती हसली नाही. कात्री ओट्यावर ठेवून ती उजवा हात ओझ्यासारखा मांडीत घेऊन बसली.

"म्हणजे इतके दिवस मी खोटं काम करत होते," ती म्हणाली. "लहान मुलीला खोटी भांडी देतात तसं. आणि मला वाटलं, माझा हात परत आला."

"आलाच की."

"तुम्ही घासायचं, मी कापायचं. ह्याला हात परत येणं म्हणतात?" तिचा आवाज फुटला. "त्या बाई येतील आत्ता. देऊन टाका खुर्ची."

 हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उठावं म्हटलं तर गुडघे पाटावरून पटकन उठू देईनात, म्हणून तिथेच तिच्याकडे वळलो आणि जे मनात होतं ते बोललो. "मला तुझी भीती वाटत होती गं. तू रागवायची बंद झालीस. मला दुसरं काही येत नाही. मला घासता येतं, तेवढं मी केलं."

 मग तिची नजर माझ्या खांद्यावर उतरली, केसांवर. डोळे पुसून तिने चष्मा लावला आणि एक बट उचलून उजेडात धरली.

"हे काय करून ठेवलंत," ती म्हणाली. आता तो आवाज वेगळा होता. तो मी ओळखत होतो. दुसरीकडून केसांची वाट लावून आलेल्या बायकांना ती याच आवाजात झापायची. "इथपर्यंत चिरत गेलंय! हे टोकं टिपून भागणार नाही. ही चार बोटं जायलाच हवीत. नाहीतर महिन्याभरात कानापर्यंत येईल सगळं. काही अक्कल?"

"नाही," मी म्हटलं. "काप मग."

"सरळ कापायला लागेल. एका रेषेत."

"काप."

"मला येणार नाही सरळ."

"वाकडं काप. मला कुठे मागचं दिसतंय?"

"मला दिसतं ना!" ती ओरडली. बऱ्याच महिन्यांनी ओरडली. मग उठली. "इथे नाही. इथे एकाच बाजूने उजेड येतो. चला."

ती पुढे आणि मी मागे. पुढच्या खोलीचं दार फुगलं होतं, ते तिने खांद्याने ढकललं. आत बंद खोलीचा वास येत होता. तिने खुर्चीवरची चादर ओढली, झटकली, मला बसवलं आणि माझ्या गळ्याभोवती कापड बांधायला घेतलं. गाठ तिसऱ्यांदा जमली. मी मदत केली नाही. पायाने दाबून तिने खुर्ची वर घेतली, केस पाण्याने भिजवले, विंचरून सरळ केले, आणि आरशात मला तिचा चेहरा दिसला. भेदरलेला होता. या खोलीत मी तिला भेदरलेली कधी पाहिली नव्हती.

"मान खाली," ती म्हणाली.

आता मला काहीच दिसत नव्हतं. मनगट खांद्यावर टेकलं. मग उचललं गेलं. या कामाला हात अधांतरी लागतो, टेकवून चालत नाही. पहिला काप ऐकू आला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा. ओले केस फरशीवर पडत होते, आणि तिचा श्वास मला मानेवर कळत होता.  अर्ध्या पाठीपर्यंत आली असेल तेव्हा दारावर टकटक झाली.

"काकू, येऊ का? खुर्ची बघायला आले होते."

मी मान वर केली. दारात तरणीताठी बाई उभी होती, नीटनेटकी, स्वतःचे केस सुरेख कापलेले. म्हणजे जाणकार. तिची नजर सवयीप्रमाणे सरळ माझ्या पाठीवर गेली आणि तिथे थांबली.  वाटलं, कापड काढावं आणि त्या रेषेवर टाकावं. बायको आता कात्री ठेवेल, ओशाळं हसेल आणि म्हणेल, बघा, बघा, घेऊन जा.

"डावीकडे उतरलंय," बायको म्हणाली. त्या बाईला, सरळ. "दिसतंय मला. मी आजारी होते, हात अजून पुरता आलेला नाही. खोटं कशाला बोलू?"

"नाही, तसं नाही काकू..."

"तसंच आहे. तुम्हाला कळतं, मलाही कळतं."

ती बाई जरा गोंधळली. मग हळूच म्हणाली, "खुर्ची छान आहे. आजकाल अशा मिळत नाहीत. मी बघू?"

"बघा की. पण त्यात माणूस बसलाय," बायको म्हणाली. "उठेपर्यंत थांबावं लागेल."

"थांबते ना. किती वेळ लागेल?"

 बायकोने डाव्या हाताने माझी मान पुन्हा खाली केली, कंगवा फिरवला, उरलेल्या अर्ध्या पाठीवरचे केस दोन बोटांत धरले.

"यांना कमरेपर्यंत वाढवायचेत," ती म्हणाली, आणि कात्री चालू केली.